केंद्रक आणि डीएनए मुलांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांकडून, पालकांकडून आणि विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत थेट मुलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड मागाहून. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केंद्रक म्हणजे नेमके काय, आणि डीएनएचा त्याच्याशी संबंध काय?

वनस्पती, प्राणी आणि बुरशी यांच्या बहुतेक पेशींमध्ये दुहेरी पटलाने वेढलेला एक गोलसर भाग असतो. तेच केंद्रक. रॉबर्ट ब्राउन यांना १८३१ साली ऑर्किडच्या पेशींमध्ये ते पुन्हा पुन्हा आढळले आणि त्यांनी त्याला नाव दिले. केंद्रकाच्या पटलाला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून रेणूंची ये-जा चालते. आत डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो.

डीएनए हा अतिशय लांब रेणू आहे. त्यात ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन हे चार घटक एकापाठोपाठ येतात. समोरासमोरच्या दोन धाग्यांत ॲडेनीनची जोडी थायमीनशी आणि ग्वानीनची सायटोसीनशी जुळते. कोणते प्रथिन बनवायचे याची माहिती या चौघांच्या क्रमात साठवलेली असते. केंद्रक ही जागा आणि डीएनए हा तिथला रेणू, एवढे पक्के झाले की पुढचे बरेच सोपे जाते.

२. आधी केंद्रक शिकवावे की डीएनए?

केंद्रक. ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. आधी कांद्याची साल, मग गालाच्या पेशी. दोन्हीकडे गडद ठिपका दिसला की एखादे मूल हमखास विचारते, "कांद्यातही तेच, माझ्यातही तेच, मग त्याच्या आत आहे तरी काय?" डीएनएचा विषय काढायची वेळ हीच. डीएनएचा पिळदार शिडीसारखा आकार दाखवणारी थर्माकोलची किंवा मण्यांची प्रतिकृती सगळ्यात शेवटी आणावी. ती पहिल्याच तासाला आणली, तर मुलांच्या मनात डीएनए म्हणजे रंगीत मण्यांची माळ एवढेच राहते.

आपल्याकडे पेशीअंगके आठवीत येतात आणि गुणसूत्रे व डीएनए नववीत. मधल्या वर्षात ठिपका विसरला जातो. नववीचा धडा सुरू करण्यापूर्वी एक तास पुन्हा कांद्याला द्या, तो वाया जात नाही.

३. कांद्याची साल लावली, आयोडीन टाकले, तरी केंद्रक दिसत नाही. कुठे चुकते?

बहुतेक वेळा साल चुकीच्या बाजूची असते. आपल्याकडचा लाल कांदा घेतला आणि पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची साल काढली, तर तिच्या पेशींतली मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाची पिशवी, जांभळ्या रंगद्रव्याने भरलेली असते. सगळी पेशीच रंगीत दिसते आणि केंद्रक त्यात हरवून जाते. पाकळी मधोमध मोडा आणि आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने ओढा. तो अलगद सुटतो. वरची कोरडी टरफले उपयोगाची नाहीत, त्यांतल्या पेशी मेलेल्या असतात.

पापुद्रा नखाएवढाच घ्या. त्याची घडी पडली, तर पेशींचे दोन थर एकावर एक येतात आणि सगळा गोंधळ होतो. आयोडीनचा एक थेंब पुरे. दोन-तीन मिनिटे थांबा, जास्तीचे टिपकागदाने टिपून घ्या. आच्छादक काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. काळी जाड कडा असलेले, अगदी वाटोळे काही दिसले तर तो बुडबुडा समजा. केंद्रक पिवळसर तपकिरी असते आणि त्याची कडा इतकी ठळक नसते. आधी १० पटीची वस्तुभिंग वापरा, मग ४० पटीची. प्रकाश कमी करून पाहा. भगभगीत उजेडात चांगली काचपट्टीही कोरी दिसते.

कागदी सूक्ष्मदर्शक असलेल्या शाळांनाही हे जमते. फोल्डस्कोपची मोठे करून दाखवण्याची क्षमता सुमारे १४० पट आहे, आणि कांद्याच्या केंद्रकाला तेवढी पुरते.

आकृतीबद्दल एक आग्रह धरा. मुले पुस्तकातून केंद्रक पेशीच्या मधोमध काढतात, प्रत्यक्षात मात्र रिक्तिकेने ढकलल्यामुळे ते बऱ्याचदा भिंतीला चिकटलेले असते. "दिसते तिथे काढ" असे सांगितले की मूल पुन्हा भिंगात डोकावते, आणि खरे निरीक्षण तिथून सुरू होते.

४. गालाच्या पेशी मुलांना काढू देणे सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर हो. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या गालाचा नमुना घ्यावा आणि स्वतःच हाताळावा. कापूस लावलेली नवी कांडी गालाच्या आतून हलकेच फिरवली की पुरते, खरवडायची गरज नाही. काचपट्टीवर पसरून मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाका. वापरलेली कांडी आणि काचपट्टी लगेच पातळ ब्लीचच्या भांड्यात टाका. सर्दी-तापाच्या साथीत हा प्रयोग पुढे ढकला. आणि मेथिलीन ब्लूचा डाग गणवेशावरून सहजी निघत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

५. केंद्रक म्हणजे "पेशीचा मेंदू" असे सांगितले तर चालेल का?

मी ते टाळते. केंद्रक विचार करत नाही आणि हुकूमही सोडत नाही. कोणते जनुक केव्हा वापरात येईल हे बऱ्याच अंशी बाहेरून येणारे रेणू ठरवतात, म्हणजे केंद्रक आणि बाकीची पेशी यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते.

याऐवजी हामरलिंग यांचा प्रयोग सांगा. ॲसिटाब्युलारिया हे समुद्री शैवाल काही सेंटीमीटर उंच असते, पण त्याचा सगळा देह म्हणजे एकच पेशी. खाली मुळासारखा भाग असतो आणि केंद्रक त्यात असते. वर देठ आणि टोकाला टोपी. टोपीचा आकार जातीप्रमाणे वेगळा असतो. जर्मन शास्त्रज्ञ योआखिम हामरलिंग यांनी १९३० च्या दशकात एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या, केंद्रक असलेल्या तळाला जोडला. नव्याने उगवणारी टोपी अखेर तळातल्या केंद्रकाच्या जातीची झाली. पण पहिली टोपी कधी कधी दोन्हींच्या मधल्या रूपाची यायची, कारण देठात आधीच्या केंद्रकाने पाठवलेले रेणू अजून शिल्लक असत. केंद्रकातली माहिती निर्णायक आहे आणि ती रेणूंच्या रूपात बाहेर पडते, या दोन्ही गोष्टी या एका प्रयोगात येतात. आठवीच्या मुलांनाही तो समजतो. फळ्यावर तीन आकृत्या काढा आणि चौथी टोपी त्यांनाच काढू द्या.

६. डीएनए, जनुक आणि गुणसूत्र यांत मुलांचा फार गोंधळ होतो. थोडक्यात कसे सांगावे?

डीएनए हा रेणू. गुणसूत्र म्हणजे असा एक सलग लांब रेणू आणि त्याला बांधून ठेवणारी प्रथिने. जनुक म्हणजे त्या रेणूचा असा तुकडा, ज्याच्या आधारे प्रथिन किंवा कामाचा आरएनए (डीएनएवरून उतरवला जाणारा, त्याच्याच जातीचा रेणू) तयार होतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हा आकडा १९५६ साली पक्का झाला. प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत आणि प्रथिनांचा मजकूर आपल्या एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी भागात बसतो. पुस्तकातली इंग्रजी एक्ससारखी गुणसूत्रे फक्त पेशी विभागत असताना दिसतात. एरवी ती सैल पसरलेली असतात, म्हणून कांद्याच्या सालीत गुणसूत्रे शोधू नयेत.

७. एवढा लांब डीएनए केंद्रकात मावतो कसा?

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए टोकाला टोक लावून सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. केंद्रकाचा व्यास असतो साधारण ६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग सहा वेळा. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. सगळेच एक लाख पट मोठे केले, तर डीएनए होतो शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, त्याची लांबी २०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याहून नाशिकपर्यंत, आणि हा सगळा दोरा ६० सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्यात बसवायचा. दोरा ४६ तुकड्यांत असतो हेही सांगा. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, शून्ये मोजताना त्यांना मोजमापे कळतात.

तो मावतो, कारण तो फार बारीक आहे आणि नीट गुंडाळलेला आहे. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गटाभोवती डीएनएचे पावणेदोनच्या आसपास वेढे बसतात, मग थोडा मोकळा भाग, मग पुढचा गट. ज्या जनुकाची गरज असते तेवढाच भाग सैल होतो.

८. केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग घरच्या साहित्यात कसा करायचा?

अर्धे पिकलेले केळे, अर्धा कप पाणी, अर्धा चमचा मीठ, भांडी घासायचे द्रवरूप साबण दोन चमचे आणि तासभर बर्फात ठेवलेले स्पिरिट. केळे झिपच्या पिशवीत घालून हाताने कुस्करा. मिक्सर लावू नका, डीएनएचे धागे तुटतात. पाणी, मीठ आणि साबण घालून फेस न करता पाच-दहा मिनिटे हळूहळू मिसळा. मलमलच्या कापडातून गाळा. गाळलेले पाणी उभ्या पेल्यात एक-तृतीयांशापर्यंत घ्या. पेला तिरका धरून कडेने तेवढेच गार स्पिरिट सोडा, म्हणजे ते वर तरंगेल. ढवळू नका. पाच मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढरे, ढगासारखे धागे येऊ लागतात. ते लाकडी काडीवर गुंडाळता येतात.

साबण पेशीपटल आणि केंद्रकपटल यांतला मेद विरघळवतो. डीएनएवर ऋणभार असतो, तो मिठातल्या सोडियममुळे झाकला जातो. पाण्यात डीएनए विरघळतो, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो बाहेर पडतो. ९० टक्क्यांच्या वरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इथेनॉल उत्तम. जेल सॅनिटायझर वापरू नका, त्यातला घट्ट करणारा पदार्थच गुठळ्या करतो. मटारही चालतात.

स्पिरिट पेट घेते आणि विषारी असते. जवळ बर्नर नको, आणि पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका. बर्फाच्या डब्यात मुले पाणी समजून तीच बाटली उचलू शकतात.

९. वर आलेले पांढरे धागे म्हणजे शुद्ध डीएनए का?

नाही. त्यात डीएनए असतो, पण सोबत आरएनए, प्रथिने आणि फळातले पेक्टिनही येते. "हा बघा डीएनए" म्हणताना थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते, कारण पांढरे दिसले म्हणजे सिद्ध झाले ही सवय पुढे जड जाते.

दुसऱ्या पेल्यात अंड्याचा पांढरा बलक पाण्यात मिसळून त्यावरही तेच गार स्पिरिट सोडा. तिथेही पांढरे काही तयार होते, पण ते साकळलेले प्रथिन आहे. मुलांना विचारा, दोन्हींत फरक कसा ओळखाल? एक तुकड्या-तुकड्यांचे, दुसरे लांब ओढले जाणारे, असे वर्णन ती करतात. मग सांगा की नुसत्या दिसण्यावरून खात्री होत नाही, रासायनिक चाचणी लागते. डायफिनाइलअमीनची निळ्या रंगाची चाचणी महाविद्यालयात करतात. तिला तीव्र आम्ल आणि उष्णता लागते, म्हणून ती शाळेत नको. पेशीतल्या पेशीत डीएनए रंगवण्याची खास पद्धत रॉबर्ट फॉयलगेन यांनी १९२४ मध्ये दिली. आपले आयोडीन फक्त डीएनएलाच रंगवते असे नाही, तेही इथेच सांगून टाका.

१०. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून डीएनए काढायला ती उत्तम, हे खरे का?

आठ संच खरे. बागेतल्या स्ट्रॉबेरीत ५६ गुणसूत्रे असतात, आपल्या नेहमीच्या केळ्यात तीन संच, म्हणजे ३३. पण प्रयोग चांगला होण्याचे कारण तेवढेच नाही. कांद्यात दोनच संच, १६ गुणसूत्रे, तरी त्याच्या एका केंद्रकात स्ट्रॉबेरीपेक्षा कितीतरी पट जास्त डीएनए असतो. पिकलेली स्ट्रॉबेरी मऊ असते, तिच्या पेशीभित्तिका फळातल्याच विकरांनी (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांनी) सैल केलेल्या असतात, आणि म्हणून ती सहज कुस्करली जाते. हिवाळ्यात महाबळेश्वरची मिळाली तर जरूर वापरा. एरवी जळगावचे केळे तितकेच कामाचे.

११. हे धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर पिळदार शिडी दिसेल का?

नाही. शाळेतल्याच काय, कुठल्याही साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या आसपास मर्यादा येते, आणि डीएनएची जाडी २. काडीवर दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. शिडीचा आकार क्ष-किरणांच्या साहाय्याने कळला, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१२. डीएनएचा शोध वॉटसन आणि क्रिक यांनी लावला ना?

रेणूची रचना त्यांनी मांडली. रेणू सापडून तोवर ८० हून अधिक वर्षे झाली होती. १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे फ्रीडरिख मीशर यांनी रुग्णालयातून पू लागलेली बँडेज आणली. पुवात श्वेतपेशी असतात आणि श्वेतपेशींत केंद्रके. केंद्रके वेगळी करून त्यांनी त्यातून फॉस्फरस असलेला, प्रथिनांहून निराळा पदार्थ मिळवला. तो डीएनए. १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी जिवाणूंवर प्रयोग करून आनुवंशिक गुण डीएनएमार्फत जातात हे दाखवले.

मे १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, तेच "छायाचित्र ५१". ते फ्रँकलिन यांना न विचारता वॉटसन यांना दाखवले गेले. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये वॉटसन-क्रिक यांची रचना प्रसिद्ध झाली, त्याच अंकात फ्रँकलिन-गॉसलिंग आणि विल्किन्स व सहकाऱ्यांचे लेखही होते. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन १९५८ मध्येच, ३७ व्या वर्षी, गेल्या होत्या. त्यांचे नाव वर्गात दरवेळी घ्या. आणि डीएनएची भाषा उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते (नोबेल १९६८), हेही.

१३. लाल रक्तपेशींत केंद्रक नसते, मग रक्तावरून डीएनए तपासणी कशी होते?

श्वेतपेशींवरून. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात, तेवढ्या पुरेशा आहेत. केंद्रक नसणे ही सस्तन प्राण्यांच्या परिपक्व लाल पेशींची गोष्ट. कोंबडी, बेडूक आणि मासे यांच्या लाल पेशींत केंद्रक असते. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, म्हणून त्यांत केंद्रक असते असे काही जण शिकवतात, पण ते चूक आहे. वनस्पतींतही रसवाहिनीच्या चाळणी नलिकांच्या पेशी परिपक्व होताना केंद्रक गमावतात.

१४. डीएनए फक्त केंद्रकातच असतो का? जिवाणूंचे काय?

जिवाणूंना केंद्रक नसते, पण डीएनए असतोच. तो बहुधा एकाच गोलाकार रेणूच्या रूपात पेशीद्रवात असतो. आपल्याही पेशीत तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांचा, स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो (प्रश्न १ मधल्या घटकांच्या) १६,५६९ जोड्यांचा, ३७ जनुकांचा आणि गोलाकार, आणि तो आईकडून येतो. हरितलवकांतही स्वतःचा डीएनए असतो. त्यामुळे परीक्षेत "डीएनए फक्त केंद्रकात असतो" हे विधान चूक धरावे.

१५. शरीरातल्या सगळ्या पेशींत एकच डीएनए असतो, याला अपवाद आहेत का?

आहेत. शुक्राणू आणि अंडपेशीत २३ च गुणसूत्रे असतात. यकृताच्या बऱ्याच पेशींत दुप्पट संच असतात. हाडाला जोडलेल्या स्नायूंच्या एका तंतूत कितीतरी केंद्रके असतात. सर्वांत लक्षवेधी अपवाद प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी पेशींचा. त्या प्रतिपिंडे आणि ग्राही रेणू बनवताना स्वतःच्या डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात. हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. लाल पेशींसाठी प्रश्न १३ पाहा.

१६. गुणसूत्रे जास्त म्हणजे जीव जास्त प्रगत, असे आहे का?

अजिबात नाही. माणूस ४६, बटाटा ४८, कुत्रा ७८, आंबा ४०, भात २४. डीएनएच्या एकूण लांबीचेही तेच. कांद्याचा जनुकसंच आपल्या सुमारे पाचपट आहे. न्यू कॅलिडोनियातल्या एका छोट्या नेच्यासारख्या वनस्पतीत १६० अब्ज जोड्या असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, आपल्यापेक्षा पन्नास पटींहून जास्त.

१७. मग आपण रोज डीएनए खातो का? त्याने आपला डीएनए बदलतो का?

रोज खातो. भाजी, डाळ, मासे, सगळ्यांत तो असतो. शिजवताना त्याचे तुकडे होतात आणि उरलेला स्वादुपिंडातून येणारी विकरे आतड्यात तोडतात. त्यातून मिळणारे छोटे घटक शरीर वापरते. भेंडी खाल्ल्याने कोणाच्या पेशीत भेंडीचे जनुक जाऊन बसत नाही.

१८. जीभ दुमडता येणे, कानाची पाळी सुटी असणे, यांची घरोघर पाहणी करायला सांगावी का?

सांगू नये. १९४० मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी जीभ दुमडणे आनुवंशिक असल्याचे मांडले, पण पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही असे आढळले. हे अजून एका जनुकाचे उदाहरण म्हणून छापले जाते याचा संकोच वाटतो, असे १९६५ मध्ये त्यांनीच लिहिले. कानाच्या पाळीचेही दोन सरळ प्रकार पडत नाहीत.

शास्त्राच्या चुकीपेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. वर्गात दत्तक आलेले, आई किंवा वडील नसलेले मूल असू शकते. "माझे कोणाशीच जुळत नाही" हे त्याला सगळ्यांसमोर कळावे, ही वेळ आपण आणू नये. मेंडेलचे वाटाणे घ्या, किंवा वाण्याच्या दुकानातले वेगवेगळ्या रंगांचे मक्याचे दाणे मोजायला द्या.

१९. निदान रक्तगट तरी आईवडिलांशी पडताळून पाहता येतील?

तेही घरच्या माहितीवर करू नका. प्रश्न १८ मधले कारण तर आहेच, शिवाय एक खरा अपवाद मुंबईतच सापडला आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, जे नेहमीच्या चाचणीत ओ वाटते पण ओ नसते. ए आणि बी ही प्रतिजने (लाल पेशींवरचे, रक्तगट ठरवणारे रेणू) ज्या एच नावाच्या पायावर बांधली जातात, तो पायाच या व्यक्तींच्या लाल पेशींवर नसतो. त्यामुळे ए किंवा बीचे जनुक असूनही ते दिसत नाही. पुढच्या पिढीत दुसऱ्या पालकाकडून एच मिळाला की ते जनुक दिसू लागते, आणि "ओ" आईवडिलांचे मूल ए किंवा बी निघू शकते. हाच बॉम्बे रक्तगट. या माणसांना साधे ओ रक्तही चालत नाही, त्यांना याच गटाच्या दात्याचे रक्त लागते.

तक्ते शिकवण्यासाठी काल्पनिक कुटुंबे घ्या: आई ए, बाबा बी, मुलांचे गट कोणकोणते शक्य? दहावीच्या वर्गात तक्ता पक्का झाल्यावर बॉम्बे गटाचे कोडे घाला आणि कोणते जनुक लपले असेल ते मुलांना शोधू द्या.